बायकोला सातपुड्यातल्या उपकेंद्रावर सीएचओची (समुदाय आरोग्य अधिकारी) ऑर्डर आलीये, जावं का? तिथे ट्रेनिंग आणि सपोर्ट कितपत मिळतो?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मिसेस बीएस्सी नर्सिंग झाल्यात, सहा महिन्यांचा कोर्सही केलाय, आणि आता नंदुरबारच्या धडगाव भागातल्या उपकेंद्रावर ऑर्डर आलीये, घरचे म्हणतात नको, ती म्हणते जाते, आणि तुम्हाला कळत नाहीये की तिथे एकटी पडली तर तिच्या मागे कोण उभं राहणार. मी याच डोंगरात २००४ पासून आहे, आधी एएनएम म्हणजे उपकेंद्राची नर्स म्हणून आणि आता आरोग्य सहाय्यिका म्हणजे एएनएमवरची सुपरवायझर म्हणून, त्यामुळे जे बघितलंय तेच सांगते.

पहिली गोष्ट, तुम्ही प्रश्न बरोबर विचारलाय. लोक विचारतात पगार किती, रस्ता आहे का, नेटवर्क आहे का. पण मी इथून जे जे सोडून गेलेले बघितले, डॉक्टर असो की नर्स, त्यातले बरेचसे रस्त्यामुळे नाही गेले. एखाद्या रात्री समोर पेशंट होता आणि विचारायला कोणी नव्हतं, त्या रात्रीनंतर गेले. मी पण जाणार होते.

मी मूळची सोलापूरकडची. आले तेव्हा इथल्या भाषा, भिलीही येत नव्हती आणि पावरीही, मोबाईलला रेंज नाही, आशाताई तर तेव्हा नव्हत्याच, ती योजना २००५ मध्ये आली. पाडे लांब लांब, एका टेकडीवर चार घरं दुसऱ्या टेकडीवर सहा, पेशंट झोळीत घालून आणायचे. काही वर्षांनी नवजात बाळाचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. हॉलमध्ये चाळीस जणी, पुढे स्लाईड, एक बाहुली सगळ्यांत मिळून, माझ्या वाट्याला अम्बू बॅग, म्हणजे मास्क लावून हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, आली ती जेमतेम दोन मिनिटं. पेपर सोडवला, चांगले मार्क पडले, सर्टिफिकेट मिळालं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पहाटे एक बाई आली, बाळ झालं आणि रडलं नाही. मी पुसलं, पाठ चोळली, तोंड साफ केलं, काही नाही. बॅग घेतली, मास्क लावला, दाबते दाबते पण छाती वर येतच नाही, हवा बाजूने निघून चाललीये हे ऐकू येतंय आणि काय चुकतंय ते सुचत नाही. बाळाच्या खांद्याखाली कापडाची घडी ठेवून मान थोडी मागे करायची असते, हे मला परीक्षेत येत होतं. त्या पहाटे ते आठवेपर्यंत फार उशीर झाला. बाळ गेलं. ती आई मला काहीच बोलली नाही. मी दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज लिहिला, आणि तो पाठवायच्या आधी आमच्या तेव्हाच्या एलएचव्ही (आरोग्य सहाय्यिका) सिस्टर राउंडला आल्या.

त्यांनी रजिस्टर मागितलं नाही. मला रागावल्या पण नाहीत. काय झालं ते सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या बॅग काढ. टॉवेल गुंडाळून त्याचं बाळ केलं, डोकं म्हणून चेंडू बांधला, आणि माझ्याकडून करून घेत बसल्या. घडी ठेव, मान बघ, मास्क हनुवटीवर आला पाहिजे पण डोळ्यांवर नाही, दाब-दोन-तीन, दाब-दोन-तीन, मिनिटाला चाळीस ते साठ, छाती उचलतेय का बघ. टॉवेलची छाती काय उचलणार, पण हाताला सवय झाली. आणि महत्त्वाचं हे की पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा परत म्हणाल्या बॅग काढ. त्याच्या पुढच्या महिन्यात परत. वर्षभरात तसंच एक बाळ माझ्या हातावर निळं आलं आणि चाळीस-पन्नास सेकंदांत रडलं. तो मुलगा आता शाळेत जातो, मला बघितलं की लांबून हात करतो. माझा अर्ज तसाच राहिला.

म्हणून माझं मत असं बनलंय की ट्रेनिंग हॉलमध्ये सुरू होतं पण मुरतं ते कामाच्या जागी, कोणीतरी परत परत येऊन हाताला धरून करून घेतलं तरच. एसबीएचं, म्हणजे सुरक्षित बाळंतपण करायचं, एकवीस दिवसांचं ट्रेनिंग खूप चांगलं आहे, त्यात खऱ्या डिलिव्हरी करायला मिळतात, बाळ झाल्यावर रक्तस्राव होऊ नये म्हणून आईला एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन दहा युनिट, झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मगच पुढे पाठवायचं, हे मी तिथेच शिकले. पण आमच्यासारख्या उपकेंद्रावर झटक्याची केस कधी वर्षातून एकदा येते, कधी दोन वर्षं येत नाही. हात विसरतात. हुशारीचा प्रश्न नाही, सरावाचा आहे.

हे मी एकटीच म्हणतेय असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत हेच करून दाखवलं, गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं, बाळाचं वजन, श्वास मोजणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्गाला इंजेक्शन देणं सुद्धा शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. सगळे या बायकांचं कौतुक करतात आणि ते करायलाच पाहिजे, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते, या बायकांकडे पंधरा दिवसांनी कोणीतरी जायचं, त्यांनी काय केलं ते बघायचं, चुकलं तर तिथेच परत शिकवायचं. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७० पासून जे काम उभं केलं त्यातही गावातल्या बायकांना एकदाच शिकवून सोडून दिलं नाही, त्या परत परत यायच्या, गावात काय अडलं ते सांगायच्या आणि त्यावरच पुढचा धडा व्हायचा. २०११ मध्ये घरी जाऊन बाळ बघायचं हे काम देशभर आशांना दिलं, दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट, घरी झालं तर पहिल्या दिवशी पण. भेटींचं वेळापत्रक सगळीकडे पोचलं, पण त्यांच्यामागे येऊन बघणारं माणूस सगळीकडे तेवढं पोचलं नाही, हे मी रोज बघते. सुपरविजन म्हणजे फॉर्म भरले का, ॲपवर एंट्री झाली का, एवढंच उरतं बऱ्याचदा. मी स्वतः आता सुपरवायझर आहे आणि मलाही रजिस्टरं तपासावीच लागतात, पण कुठेही गेले तरी आधी बॅग काढायला सांगते, मग रजिस्टर.

आता तुमच्या मिसेसचं. सीएचओचं काम आमच्यापेक्षा थोडं वेगळं आहे, बीपी-शुगर तपासणं, तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, नेहमीच्या पेशंटला औषधं चालू ठेवणं, आमच्याकडे सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार खूप आहे त्याचा फॉलोअप, ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ कॉलच्या सेवेवरून पेशंटचं डॉक्टरशी बोलणं करून देणं. रेंज असली तर ई-संजीवनी चांगलीच आहे. पण अडचणीच्या वेळी स्क्रीनवरच्या अनोळखी डॉक्टरपेक्षा तुमच्या पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) एमओ म्हणजे मेडिकल ऑफिसर फोन उचलतो का यावर सगळं अवलंबून असतं. आमच्याकडे एक एमओ होते, सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजला शिकलेले, तिथे म्हणे पहिल्या वर्षालाच मुलं गांधीजींच्या आश्रमात पंधरा दिवस राहतात आणि प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. ते आले त्या दिवशीच सगळ्या सिस्टरना सांगितलं, रात्री कितीही वाजता फोन करा, चुकीचा असला तरी करा. आणि खरंच उचलायचे. ते होते ती तीन वर्षं एकही सिस्टर सोडून गेली नाही. पगार तोच, रस्ता तोच.

त्यामुळे जॉईन व्हायच्या आधी एकदा पीएचसीला दोघं जाऊन या. एमओंना भेटा, तिथल्या एएनएमला भेटा, आशांना भेटा. सीएचओ आणि एएनएम यांच्यात काही ठिकाणी मानापमान चालतो, नवीन शिकलेली मुलगी येऊन जुनीला सांगायला लागली की बिघडतं. मिसेसना सांगा पहिले दोन महिने जुन्या सिस्टरकडून आणि आशाताईकडून शिकायचं. कोणत्या घरात सून गरोदर आहे, दिवाळीनंतर कोण ऊसतोडीला गुजरातला जातं आणि त्यांची लसीकरणं कधी गाठायची, कोणत्या पाड्यावर आधी भगताशी बोललं तर पेशंट दवाखान्यात येतो, हे कोणत्याच कोर्समध्ये नाही. भाषेसाठी मी एक वही केली होती, पोट, कळा, झटके, अंगावरून जाणं, कधीपासून, किती वेळा, असे शंभरेक शब्द एका गावातल्या मुलीकडून लिहून घेतले. पेशंटला तिच्या भाषेत एक प्रश्न विचारला की ती पुढचं आपणहून सांगते.

घरच्या बाजूचं पण बोलते कारण ते कोणी सांगत नाही. क्वार्टर आहे का, त्याला पाणी आहे का, कडी नीट लागते का, संडास आहे का, हे डोळ्यांनी बघा, कागदावर विश्वास ठेवू नका. सीएचओ कंत्राटी असतात, आम्हा कायमस्वरूपी लोकांना आदिवासी भागात एकस्तर (म्हणजे एक पायरी वरच्या पदाची) वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता आहे, तसं त्यांना नाही, आणि पगाराचा एक भाग कामाच्या मोजमापावर असतो, तो वेळेवर येतोच असं नाही, तर तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून या. तुम्ही सोबत राहणार का हा खरा प्रश्न आहे. ज्या मुलींचे नवरे निदान आठवड्याला येऊन जायचे त्या टिकल्या, ज्यांच्या घरून रोज फोनवर "कधी सोडतेस" एवढंच विचारायचे त्या कामात कितीही चांगल्या असल्या तरी थकल्या. तुमचा आधार हा पण सपोर्टच आहे, सरकारी नसला तरी.

माझ्या मते सगळ्यात चांगलं म्हणजे इथल्याच पाड्यांवरच्या मुली शिकून यायला पाहिजेत. येतायत पण हळूहळू. माझ्या हाताखाली आता दोन एएनएम आहेत, दोघी आश्रमशाळेत शिकलेल्या, एक तर ज्या पाड्यावर मी लस द्यायला जायचे तिथलीच. त्यांना भाषा शिकवावी लागत नाही, होळीला घरी जायला सुट्टी दिली की त्या परत येतात, त्यांचं घरच इथे आहे. फक्त अकरावी-बारावीला सायन्सचा आधार मिळत नाही म्हणून कितीतरी पोरी तिथेच गळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण त्या येईपर्यंत बाहेरच्या मुली लागणारच, आणि तुमच्या मिसेससारखी स्वतःहून "जाते" म्हणणारी असेल तर मी म्हणेन येऊ द्या.

येताना सोबत चांगला टॉर्च, पॉवर बँक, पावसाळी बूट आणि एक कोरी वही आणा. आणि त्या उपकेंद्रावर आधी जी सिस्टर होती तिचा नंबर पीएचसीतून मिळवून तिला एक फोन करा, ती का गेली ते तिच्याच तोंडून ऐका. माझ्याकडच्या भागात ऑर्डर असेल तर पहिल्या आठवड्यात मीच भेटेन, दुसऱ्या कुठल्या पीएचसीला असेल तर मेसेजमध्ये गावाचं नाव कळवा, तिथल्या एलएचव्हीशी मी बोलून ठेवते.