ठरवलेलं होतच नाही, मग ठरवायचं कशाला?

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: "उद्याचं काही खरं नाही, मग नव्या वर्षाचं ठरवून काय उपयोग?" असं म्हणणारी माणसं आळशी नसतात. त्यांनी आधी मनापासून ठरवलेलं असतं, ते बाहेरच्या कारणांनी मोडलेलं असतं आणि तरी दोष ती स्वतःलाच देत असतात. गोव्यात हे मला जास्त दिसतं. इथल्या कितीतरी घरांची मिळकत एकेका पर्यटन हंगामावर, नाहीतर खाणींबाबतच्या एकेका निकालावर टांगलेली असते.

सुलक्षा २०२० च्या डिसेंबरमध्ये आली. नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. डिचोली तालुक्यातलं घर, पस्तिशी ओलांडलेली, किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला. नवऱ्याचा खनिजाचा ट्रक होता. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, ट्रक दारात उभा राहिला आणि शेवटी पडेल भावात गेला. घर तिच्या पगारावर आलं, तोच लॉकडाऊन. हॉटेल पुन्हा उघडलं, पण परदेशी चार्टर विमानं बंद, खोल्या रिकाम्या आणि पगार अर्धा. रात्री दोन-अडीचला जाग येते, मग डोळा लागत नाही, ही तिची तक्रार होती.

दुसऱ्या भेटीत तिने मुलीच्या जुन्या वहीतली काही पानं दाखवली. दर पहिल्या जानेवारीला ती संकल्प लिहायची. "यंदा स्लॅब घालायचा म्हणजे घालायचाच." "साठ हजार बाजूला." "रोज पहाटे पाचला चालणे, एकही दिवस चुकवायचा नाही." प्रत्येक ओळीवर नंतर आडवी रेघ मारलेली, काही ठिकाणी इतकी दाबून की कागद फाटला होता. "यंदा मी लिहिणारच नाही, मॅडम. लिहिलं की रेघ मारावी लागते."

मी तिला लिहायचा आग्रह केला नाही. फक्त स्लॅबच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हा कशासाठी हवा होता?"

ती जरा चिडलीच. स्लॅब कशासाठी असतो हे काय विचारायचं? मग हळूहळू सांगू लागली. मुलगी दहावीला. घरात दोन खोल्या, सासूबाईंचा टीव्ही दिवसभर चालू. पोरीला बसून अभ्यास करायला जागा नाही. वर एक खोली झाली असती, तर दार लावून बसली असती.

"म्हणजे हवी आहे ती दार लावता येईल अशी जागा."

ती बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या भेटीला आली ती सांगतच, की पडवीचा एक कोपरा प्लायवूड लावून बंद केला, जुनं टेबल आत टाकलं, वरून दिवा ओढला. नवऱ्याने एका रविवारी दुपारी हे सगळं उरकलं होतं.

अनिश्चित काळात ध्येय ठरवायचं तर माझ्या मते सुरुवात इथून करावी. आपण बहुतेक वेळा हेतू लिहीतच नाही, त्याचं एखादं रूप लिहितो: स्लॅब, साठ हजार, पहाटेचे पाच. परिस्थिती बदलली की ते रूप मोडतं आणि हेतूच संपला असं आपण धरून चालतो. "कशासाठी" हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारला, की तिथे पोचायच्या आणखी दोन-तीन वाटा दिसू लागतात.

पैशांच्या संकल्पाला आम्ही जास्त वेळ दिला, कारण तिची खरी लाज तिथे होती. पतसंस्थेत तिची पिग्मी होती, दिवसाला शंभर रुपये. लॉकडाऊनमध्ये आठवडाभर देता आले नाहीत, एजंटासमोर ओशाळल्यासारखं झालं आणि तिने खातंच बंद केलं. एक दिवस चुकला की सगळंच सोडून द्यायचं, असं फार लोकांचं होतं. म्हणून आम्ही एका संकल्पाच्या तीन ओळी केल्या. पूर्ण पगाराच्या महिन्यात दिवसाला शंभर. अर्ध्या पगारात तीस. पगार आलाच नाही तर शून्य, पण अंगावरचं सोनं गहाण टाकायचं नाही. या तिन्हींपैकी कुठलीही ओळ पाळली गेली, तर संकल्प पाळला गेला असं मानायचं. तिने एजंटाला विचारून घेतलं. रक्कम कमी-जास्त केलेली त्यांना चालत होती. खातं पुन्हा सुरू झालं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली एक गोष्ट मी इथे नेहमी वापरते. नुसतं "मी हे करीन" असं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं तर तमुक करीन" असं आधीच ठरवून ठेवलं, तर ते हातून घडण्याची शक्यता वाढते. अडचण समोर आल्यावर थकलेल्या डोक्याने निर्णय घ्यावा लागत नाही, तो आधीच झालेला असतो.

एका भेटीला नवराही आला होता. त्याने सरळ विचारलं, "मॅडम, असं सगळं सैल ठेवलं तर ती पळवाटच होणार ना?" प्रश्न रास्त होता, आणि मी त्याला त्याच्याच धंद्यातलं उत्तर दिलं. पावसाळ्यात मांडवी नदीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा बांध धोक्याचा होतो. तेव्हा खनिजाच्या बार्जी, म्हणजे सपाट मालवाहू बोटी, कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारी नदीत उतरून मुरगाव बंदराला जायच्या. वाट बदलायची, बंदर तेच. आणि बार्ज कुठल्या वाटेने न्यायची हे मोसमावर ठरायचं, त्या दिवशीच्या कंटाळ्यावर नाही. त्याने मान डोलावली. त्या बार्जींसाठी त्याने वर्षानुवर्षं माल ओढला होता.

म्हणून पळवाट होऊ नये यासाठी एक अट घातली: संकल्पात बदल करायचा तो ठरलेल्या दिवशीच, थकून घरी आलेल्या संध्याकाळी नाही. ते दिवस सुलक्षाने स्वतः निवडले. शिगमा, पहिला पाऊस आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. तिच्या घरातला पैसा याच वेळी फिरतो किंवा आटतो, जानेवारी-डिसेंबरशी त्याचा काही संबंध नाही. मला तिची निवड फार आवडली.

मग २०२१ चा मे आला. दुसरी लाट, ९ मे पासून कर्फ्यू, हॉटेल बंद. पाठोपाठ तौक्ते चक्रीवादळ. तिच्या घरावरची कौलं उडाली, गावात वीज नाही. मुलीची दहावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. वीज आल्यावर तिचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा झोपेचं असेल. ती म्हणाली, "मॅडम, आम्ही तिसऱ्या ओळीवर आलो. सोनं घरात आहे." आवाजात काळजी होती, पण स्वतःला दोष देणं नव्हतं. आधीच्या वर्षीची सुलक्षा मी पाहिली होती, म्हणून हा फरक मला मोठा वाटला.

एवढं मात्र सांगायलाच हवं: आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावरची वासना गेलेली, जगण्यात अर्थ वाटत नाही, अशा वेळी संकल्पांच्या ओळी पुरत नाहीत. तेव्हा डॉक्टर गाठावा. बांबोळीला मनोविकारांची सरकारी संस्था आहे, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पहाटेचं चालणं तिला जमलं नाही. डबल ड्युटीच्या दिवशी तिठ्यावरून घरापर्यंत चालत यायचं असा पर्याय ठेवला होता, तोही थोडे दिवस चालला. चवथीच्या आढाव्यात तिने ते सोडलं आणि मी तिला अडवलं नाही. आवाक्याबाहेर गेलेलं ध्येय सोडून दुसरं हाती धरता येणाऱ्यांचं मन सहसा अधिक स्वस्थ राहतं, असं कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत दिसलं आहे. दिवसभर खोल्या आवरणाऱ्या बाईने चालण्यावरून स्वतःला टोचत राहावं, हे मला कधी पटलंच नव्हतं.

२०२२ साठी तिने एकटीनेच लिहिलं. स्लॅब पुन्हा आला होता, या वेळी तारखेशिवाय. हातात पैसे आले तर चिरे आणि वाळू घेऊन ठेवायची. थोडेच आले तर कंत्राटदाराकडून अंदाजपत्रक. काहीच आलं नाही तर एक-चौदाचा (जमिनीचा) उतारा काढून घराचे कागद पंचायतीत नीट करून घ्यायचे. त्या कागदांसाठीचा अर्ज तिने जानेवारीतच दिला.