पुण्यात फुटपाथला रॅम्प आहेत, मेट्रोला लिफ्ट आहे, तरी व्हीलचेअरवर एकट्याने बाहेर पडणं इतकं कठीण का?

फुटपाथच्या कामांवर साइट बघतो, म्हणून सांगतो: अडतं ते सांध्यावर. फुटपाथ महापालिकेचा, बस पीएमपीची, स्टेशन महामेट्रोचं. ज्याचं त्याचं काम आपापल्या हद्दीत पूर्ण होतं, आणि हद्द संपते नेमकी तिथेच व्हीलचेअर थांबते.

रॅम्पचंच घ्या. 1:12 चा उतार म्हणजे 15 सेंटीमीटर उंच फुटपाथला 1.8 मीटर लांब रॅम्प हवा. जागा कमी पडली की ठेकेदार निम्म्या लांबीत उरकतो. लांबी बरोबर असली, तरी रॅम्प रस्त्याला टेकतो तिथे दोन बोटं उंचीची पायरी राहते. चालणाऱ्याला ती जाणवतही नाही. पण व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात. ती तिथे अडतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. त्यात रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की सगळ्या पातळ्या पुन्हा बदलतात.

दृष्टिहीनांसाठी बसवलेल्या पिवळ्या टाइल्सवर लांब रेघा म्हणजे सरळ चला, ठिपके म्हणजे थांबा, पुढे वळण किंवा धोका आहे. बसवणाऱ्या गवंड्याला हे बहुतेकदा कुणी सांगतच नाही. सांगितलं की तो मनापासून नीट बसवतो, हे मी पाहिलंय.

खरा पेच बोलार्डचा, म्हणजे फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांचा आहे. व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की स्कूटरही घुसते, म्हणून खांब जवळजवळ लावले जातात. माझं मत स्पष्ट आहे: फट ठेवायचीच, आणि घुसणाऱ्या दुचाकीवाल्याला दंड करायचा. त्याच्या चुकीची शिक्षा व्हीलचेअरवाल्याला कशासाठी? बसचंही तेच. स्टॉपसमोर रिक्षा उभ्या असल्या की लो-फ्लोअर बस फुटपाथपासून लांब थांबते, मग तिच्या रॅम्पचा उपयोग काय?

कायदा तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी ठेवून चालणार नाही, सक्तीचे नियम करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला केंद्राला दिला.

तुमच्या भागात काम चालू असेल तर ठेकेदाराचं बिल निघायच्या आत व्हीलचेअर वापरणाऱ्या कुणाला तरी सोबत घेऊन साइटवर जा. क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्यांनाही बोलवा. पायरीला मोजायची टेप लावून फोटो काढा आणि लेखी अर्जाला जोडा. पोच घ्यायला विसरू नका.