ऑर्डर आणली त्याला इन्सेन्टिव्ह, फिक्स्चर केलं त्याला काय?

प्रश्न : ताई, मी भोसरी एमआयडीसीत एका मशिनिंगच्या कंपनीत टूल डिझाइनला आहे, अकरा वर्षं झाली. आमच्याकडे पंप बॉडीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव पार्ट येतो, ड्रिलिंगला त्याचं रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे पार्ट, आठ टक्क्यांच्या आसपास व्हायचं, ऑपरेटर बिचारा फिक्स्चरमध्ये, म्हणजे भोक पाडताना पार्ट जागेवर घट्ट धरणाऱ्या साधनात, पार्टखाली हॅकसॉ ब्लेडचा तुकडा सरकवून कसंबसं जमवायचा. मी दोन महिने खपून नवीन फिक्स्चर केलं, रिजेक्शन एक टक्क्यावर आलं आणि ते बघूनच कस्टमरने अजून एक पार्ट दिला. ऑर्डर आल्यावर मार्केटिंगच्या माणसाला इन्सेन्टिव्ह, स्टेजवर सत्कार, आणि मला अप्रेझलला नेहमीचीच वाढ. साहेबांना विचारलं तर म्हणाले, अरे तुझं ते कामच आहे ना. धंद्यात इंजिनिअरला खरंच किंमत कमी आहे का मलाच उगाच वाटतंय?
- एक डिझाइन इंजिनिअर, पुणे

उत्तर : उगाच नाही वाटत तुम्हाला. ‘तुझं ते कामच आहे ना’ हे मीही टूलरूममध्ये असताना ऐकलंय आणि मला त्याचा अजूनही राग येतो, कारण ऑर्डर आणणं हेही मार्केटिंगवाल्याचं कामच असतं, पण त्याला हे कोणी ऐकवत नाही.

असं का होतं सांगते. ऑर्डर आली की पीओवर, म्हणजे कस्टमरच्या खरेदीच्या कागदावर, आकडा असतो, तारीख असते, कोणी आणली ते सगळ्यांना माहीत असतं. तुमचं काम जमलं म्हणजे काय झालं? स्क्रॅपचा डबा भरला नाही, कस्टमरचा रागाचा फोन आला नाही, नाइट शिफ्टला रिवर्कसाठी कोणाला थांबावं लागलं नाही. जे घडलंच नाही त्याचं बिल कोण फाडणार? तुमचा पगार मात्र दर महिन्याला खर्चाच्या बाजूला दिसतो, आणि तुमच्यामुळे वाचलेला पैसा कुठेच लिहिलेला नसतो.

आणि हे काही आपल्याकडचंच नाही. जपानच्या शिकोकू बेटावर निचिया नावाची कंपनी आहे, तिथे शुजी नाकामुरा नावाच्या इंजिनिअरने 1993 मध्ये झगझगीत निळा एलईडी करून दाखवला. आज घरोघरी जे पांढरे एलईडी बल्ब लागतात त्याच्या मुळाशी हा निळा एलईडी आहे. या शोधाबद्दल कंपनीने त्याला बोनस दिला 20,000 येन! नंतर तो अमेरिकेला गेला, कंपनीवर केस केली, 2004 मध्ये टोकियोच्या कोर्टाने त्याला 2,000 कोटी येन द्या म्हणून सांगितलं, शेवटी 2005 मध्ये साधारण 84 कोटींवर तडजोड झाली. 2014 मध्ये इतर दोघांबरोबर त्याला नोबेल मिळालं. आता यात कंपनीच्या बाजूनेही एक सांगायला हवं, की त्या संशोधनासाठी भलामोठा पैसा मालकानेच लावला होता, जोखीम त्याचीही होतीच. पण 20,000 येन हा आकडा मला आजही टोचतो.

बोइंगचंही थोडक्यात सांगते, कारण तिथे प्रश्न पैशापुरता राहिला नाही. विमानं बनायची सिएटलजवळ आणि 2001 मध्ये साहेब लोकांनी हेडऑफिस हलवलं शिकागोला, म्हणजे ठरवणारे एका गावात आणि करणारे हजारो किलोमीटर लांब. पुढे 737 मॅक्स या विमानात एक सिस्टिम बसवली जी एकाच सेन्सरच्या भरवशावर विमानाचं नाक खाली दाबायची. 2018 आणि 2019 मध्ये दोन विमानं पडली, 346 माणसं गेली. याचं एकच कारण नाही हे मला मान्य आहे, पण करणाऱ्यांपासून ठरवणारे इतके लांब जाऊन बसले की काय होतं ते मला त्यात दिसतं.

तरी मार्केटिंगवाल्याचा राग राग करू नका. आपल्याच लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता, पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. नांगर उत्तमच होता पण तो उत्तम आहे हे पटवणं हे वेगळं काम आहे, आणि कस्टमरच्या दारात चार तास बसून नाही ऐकून परत यायचं, महिनाअखेरीला टार्गेटचं टेन्शन घ्यायचं, हे आपल्यापैकी किती जणांना जमेल? माझी तक्रार त्यांना मिळतं यावर नाही, तुम्हाला मिळत नाही यावर आहे.

आता तुम्ही काय करायचं. साहेबांकडे ‘रिजेक्शन कमी केलं’ असं घेऊन जाऊ नका, रुपये घेऊन जा. समजा महिन्याला 4,000 पार्ट आणि एका पार्टचा खर्च 350 रुपये, तर आठवरून एक टक्का म्हणजे महिन्याला 280 पार्ट वाचले, 98,000 रुपये, वर्षाला जवळपास पावणेबारा लाख. तुमचे खरे आकडे स्टोअर आणि क्वालिटीकडून घ्या, फिक्स्चरचा खर्च त्यातून वजा करा, एका पानावर लिहा आणि अप्रेझलच्या दिवशी नाही तर त्याच्या दोन महिने आधी द्या, कारण अप्रेझलच्या दिवशी आकडे आधीच ठरलेले असतात. आणि नुसती पगारवाढ मागू नका, पुढच्या पार्टचं कोटेशन बनेल त्या मीटिंगमध्ये खुर्ची मागा. एक पार्ट करायला किती वेळ (सायकल टाइम) लागेल, कुठे पार्ट अडकेल हे तुम्हाला ठाऊक असतं, आणि तुम्हाला न विचारता दिलेला रेट मग तुमच्याच गळ्यात पडतो. एवढं करूनही ‘कामच आहे ना’ हेच ऐकायला मिळालं तर चाकणला, रांजणगावला तुमच्यासारख्या माणसाला काम आहे, तोच कागद इंटरव्ह्यूला घेऊन जा.

आणि हो, त्या कागदावर ऑपरेटरचंही नाव घाला. ब्लेडचा तुकडा नेमका कुठे सरकवला की भोक बरोबर येतं, हे त्यालाच आधी कळलं होतं.