फॉर्म्युला वनमध्ये गाड्या नुसत्या गोल गोल फिरतात. लोकांना त्यात एवढी मजा कसली येते?

हा प्रश्न मीही आमच्या दादाला पुष्कळदा विचारलाय. रविवारी संध्याकाळी तो टीव्ही अडवून बसायचा आणि मला तीच ती वीस वाहनं तिथंच घिरट्या घालताना दिसायची. एकदा वैतागून तो म्हणाला, "गाड्या नको बघूस, डावीकडचे आकडे बघ."

पडद्याच्या डाव्या कडेला नावांची उतरंड असते आणि प्रत्येक नावापुढे सेकंदांतला फरक. खरी शर्यत तिथे चालते. क्रिकेटमध्ये पाठलाग सुरू असला की आपण 'इतक्या चेंडूंत इतक्या धावा' हे मनात घोळवत बसतो ना, अगदी तसंच.

हे मला पटलं ते ४ ऑगस्ट २०१९ ला, हंगेरीच्या शर्यतीत. ७० फेऱ्या. पुढे मॅक्स व्हर्स्टापेन, त्याच्या शेपटीला लुईस हॅमिल्टन. तिथला ट्रॅक अरुंद आणि वळणांचा, ओव्हरटेक करायचं म्हणजे जीव काढावा लागतो. हॅमिल्टनने एकदा प्रयत्न केला, चौथ्या वळणावर बाहेर फेकला गेला. मग ४८व्या फेरीला त्याच्या संघाने, मर्सिडीजने, त्याला अचानक आत बोलावलं आणि नवे टायर चढवले. चाकं बदलायला दोन-तीनच सेकंद लागतात, पण पिट लेनमध्ये, म्हणजे टायर बदलायला जायच्या बाजूच्या रस्त्यावर, वेगाला मर्यादा असते, त्यामुळे एकूण वीसेक सेकंद जातात. म्हणजे हॅमिल्टनने हातातला पाठलाग स्वतःहून सोडला आणि वीस सेकंद मागे जाऊन उभा राहिला!

मला ते खुळेपणाचं वाटलं. दादा मात्र ताठ बसला. "आता व्हर्स्टापेन अडकला," म्हणाला. कारण तोही टायर बदलायला गेला असता तर बाहेर येईपर्यंत नव्या टायरवर जोरात पळणारा हॅमिल्टन पुढे निघून गेला असता. आणि नाही गेला तर झिजून मंदावणाऱ्या जुन्याच टायरवर शेवटपर्यंत रेटायचं. वीस-बावीस फेऱ्या, वीस सेकंद. फेरीला एक सेकंद खायचा.

बाहेर धो धो पाऊस. दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार, म्हणून आई खिचडीसाठी भाजलेले शेंगदाणे चोळून सालं काढत बसली होती. सुरुवातीला आकडा हलेचना, हॅमिल्टनच रेडिओवर कुरकुरू लागला. मग हळूहळू घसरण सुरू झाली आणि शेवटी शेवटी तर धडाधड. व्हर्स्टापेनने टायर संपल्याचं कळवलं. आईचे हात सुपातच थांबले. "अगं बाई, पकडतोय की त्याला!" ६७व्या फेरीला सरळ रस्त्याच्या शेवटी, पहिल्या वळणावर हॅमिल्टन बाहेरच्या अंगाने निघून गेला. ओव्हरटेकला फार तर चार सेकंद लागले असतील. मजा आली ती आधीच्या अर्ध्या तासात. तेव्हापासून आईसुद्धा 'कोण पुढे?' याआधी 'फरक कितीचा?' विचारते.

शनिवारची क्वालिफाइंग, म्हणजे रविवारी कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणारी चढाओढ, तर आईला आमच्यापेक्षा आधी समजली. तिचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं. तिकडे घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाड्यांच्या बाऱ्या सुटतात तेव्हा शेजारी दुसरा गाडा पळत नसतो, गाडा घड्याळाशी पळतो आणि सेकंदावर नंबर लागतो. क्वालिफाइंगही तसंच.

प्रत्यक्ष मैदानावर बघणं ही निराळीच गोष्ट. २०१३ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर दादाबरोबर मीही गेलो होतो. खरं सांगायचं तर शर्यत निम्मी कळली नाही, गाडी समोरून जाते न जाते तोच गायब. पण तेव्हाच्या त्या व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनांचा आवाज कानाने नाही, बरगड्यांनी ऐकू यायचा. त्या दिवशी सेबॅस्टियन व्हेटेलचं चौथं विश्वविजेतेपद पक्कं झालं. त्याने स्टँडसमोर गाडी गरागरा फिरवून धूर काढला आणि खाली उतरून गाडीपुढे चक्क लोटांगण घातलं. नियमाबाहेरचं होतं, संघाला २५ हजार युरो दंड बसला. आमचे पैसे मात्र तिथेच वसूल झाले.

'लोक अपघात बघायला बसतात' असंही कुणी म्हणतं. नाही हो. २०२० ला बहारीनमध्ये रोमां ग्रोजाँची गाडी कठडा फोडून पेटली, तेव्हा तो ज्वाळांतून बाहेर येईपर्यंत आमच्या घरात कुणी श्वास घेतला नव्हता. त्याला करमणूक म्हणत नाहीत.

आणि कंटाळवाण्या शर्यती असतात, भरपूर असतात. २०२४ च्या मोनॅकोत पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोचले! तेव्हा पहिल्यांदाच बघणार असाल तर मोनॅकोने सुरुवात करू नका. ब्राझीलची बघा, त्यातही पावसाचा अंदाज असेल तर सोडूच नका.