शेजाऱ्याने माझ्यावर नुकसानीची फौजदारी केस केली आहे. गुन्हा कबूल करून, दंड भरून मोकळं व्हावं का?

नाही. कबूल करू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी मागे घेताना शेजाऱ्याच्या कंपाउंडचा पत्रा वाकला, मुद्दाम काही केलेलं नाही, तरी घरचे म्हणतात, ‘हजार-दोन हजार भर आणि विषय मिटव.’ हे वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून इतकं ऐकलंय की प्रश्न वाचूनच डोकं फिरलं.

आमची केस शेतातली. चुलत्यांची पीव्हीसी पाइपलाइन आमच्या बांधाच्या कडेने गेलेली. दरवर्षी बांध कोरत कोरत ते आमच्याकडे सरकत आले होते, हे सगळ्या गावाला माहीत. आम्ही भाड्याचा ट्रॅक्टर लावून नांगरट केली आणि पाइप फुटली. ती फूटभरही खोल गाडलेली नव्हती, नांगर लागणारच. दुसऱ्या दिवशी ठाण्यात तक्रार: दोघा भावांनी कुऱ्हाडीने पाइप तोडली. दोघे म्हणजे मी आणि धाकटा. धाकटा त्या दिवशी गावातही नव्हता. पण तो पोलीस भरतीची तयारी करत होता आणि चुलत्यांना ते पक्कं ठाऊक होतं. गावाकडे तक्रारीत नाव कुणाचं घालायचं हे असंच ठरतं. घरातलं जे पोरगं कुठेतरी लागेल असं दिसतं, त्याचं आधी.

सुरुवातीला नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली. तेव्हा जुना कायदा होता, भादंवि (भारतीय दंड विधान) ४२७, नुकसान करण्याचं कलम. ते कलम अदखलपात्र, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. मग काही दिवसांनी पुरवणी जबाब आला की आम्ही त्यांच्या शेतात घुसलो. लागलं ४४७. हे दखलपात्र, आणि एक जरी दखलपात्र कलम बसलं की सगळं प्रकरण दखलपात्र धरतात. झाला एफआयआर. आता ज्या ‘त्यांच्या’ शेतात आम्ही घुसलो, ती जागा मोजणीत आमच्याच गटात निघाली! मी ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) घेऊन वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, ४४७ ला ही उपयोगी पडेल, ४२७ ला पुरायची नाही. जमीन तुमची असली तरी पाइप त्यांची. आणि सामायिक वस्तू, अगदी स्वतःची वस्तू मोडूनही हा गुन्हा होऊ शकतो, कलमाच्या स्पष्टीकरणातच तसं आहे. मालकीवर भांडू नका, हेतूवर भांडा.

तुमचा बचावही तिथेच आहे. नुकसान करायचा हेतू होता, किंवा आपल्या कृतीने नुकसान होईल याची जाणीव होती, हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. हलगर्जीपणाने पत्रा वाकला तर शेजाऱ्याने दिवाणीत भरपाई मागावी. तो हा गुन्हा होत नाही.

आता दाजी. ते पतसंस्थेत वसुली बघतात, त्यामुळे लोकअदालत म्हणजे त्यांना माहेर वाटतं. ‘लोकअदालतीत जा, कबुली द्या, दंड भरा, दुपारी घरी.’ मी त्यांना किती वेळा सांगितलं की तडजोड वेगळी आणि कबुली वेगळी. तडजोडीला फिर्यादीची सही लागते, आणि ती झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच. कबुलीला कुणाची सही लागत नाही, पण त्यात तुम्ही दोषी ठरता. दंड पाचशेचा असला तरी ती शिक्षाच, आणि कागदावर ती कायम राहते. चुलते तडजोडीला तयार नव्हते. म्हणजे दाजींच्या सल्ल्याचा अर्थ एवढाच की जो पोरगा गावात नव्हता त्याने कुऱ्हाड चालवल्याचं कबूल करायचं आणि पुढच्या महिन्यात भरतीचा फॉर्म भरायचा. यावर दाजींचं उत्तर: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. अहो, आम्ही चढलो नव्हतो, आम्हाला चढवलं होतं.

न्यायाधीशांनी आरोप वाचून ‘मान्य आहे का’ विचारलं, आम्ही नाही म्हणालो आणि तारखा सुरू झाल्या. त्या लांबल्या, हे खरं. पण साक्षी निघाल्या तेव्हा मजा आली. पहिला पंच म्हणाला पाइप तीन इंची, दुसरा म्हणाला अडीच. दुसरा पंच फिर्यादीचा साडू निघाला, आणि पंचनाम्यावर सही कुठे केली विचारल्यावर म्हणाला, स्टँडजवळच्या हॉटेलात. कुऱ्हाड जप्त नाही, पाइपचा तुकडा जप्त नाही. मोबाइलवरचे फोटो होते, पण सोबत जुन्या साक्ष कायद्यातलं ६५-ब चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र नाही. ट्रॅक्टरवाल्याने येऊन सरळ सांगितलं की नांगरात पाइप आली. दोघेही निर्दोष सुटलो.

तुमच्याही केसमध्ये पंचनामा आधी वाचा. पंच कोण, वेळ काय टाकलीय, नुकसानीचा आकडा कशावरून आला, बिल आहे का. आकड्याला आता फार महत्त्व आलंय. जुन्या कायद्यात मर्यादा पन्नास रुपयांची होती, तीही १८६० सालची. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ लागतं. त्यात २० हजारांच्या आत सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, २० हजार ते लाखाच्या आत दोन वर्षांपर्यंत, आणि लाख किंवा वर गेलं की पाच वर्षांपर्यंत, शिवाय दखलपात्र. एका पत्र्याचे सव्वा लाख लावले असतील तर ते का लावले हे समजून घ्या. फोटोचं प्रमाणपत्र आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं.

धाकटा भरती झाला नाही. धावण्यात मार्क कमी पडले. दाजी अजून म्हणतात, बघ, वकिलाची फी दंडाच्या कितीतरी पट गेली आणि मिळालं काय? पण फॉर्ममध्ये त्याने केस चालू असल्याचं स्वतः लिहिलं होतं, लपवलं नाही, आणि आज खासगी कंपनीत लागताना पोलीस पडताळणीत त्याच्या नावापुढे शिक्षा नाही. दाजींना हे हिशेबात धरता येत नाही, कारण त्याची पावती मिळत नाही.

मी वकील नाही, हे आधी लिहायला हवं होतं. तुम्ही खरोखर रागाने पत्रा वाकवला असेल तर वरचं बरंचसं सोडा, शेजाऱ्याला पत्रा बसवून द्या आणि कोर्टात रीतसर तडजोड करा. एसटी किंवा सरकारी मालमत्ता असेल तर १९८४ चा वेगळा कायदा लागतो, तिथे माझा अनुभव उपयोगाचा नाही. आणि तारीख चुकवू नका, वॉरंट निघतं. एफआयआरमध्ये नेमकी कोणती कलमं लावलीत तेवढं खाली लिहा, त्यावर बरंच अवलंबून आहे.