गरोदरपणातील कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आणि बीपीची तपासणी

प्रश्न : माझ्या सुनेला 26 आठवडे पूर्ण झाले आहेत. तिचे वय 31 असून हे पहिलेच बाळंतपण आहे. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचे एक पॅकेज मुलाने परस्पर घेतले. त्यात कोलेस्टेरॉल 258 आणि ट्रायग्लिसराइड 231 आले असून दोन्ही आकडे लाल अक्षरांत छापलेले आहेत. मागच्या तपासणीत तिचे बीपी 126/80 होते. माझ्या भाचीला आठव्या महिन्यात बीपी वाढून झटके आले होते, म्हणून मी सुनेचे तूप, लोणी आणि सकाळचे पोहे-शेव सगळेच बंद केले आहे. रक्तातील चरबीमुळे तिचेही बीपी वाढेल का?
— एक वाचक भगिनी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, तिचे तूप आधी सुरू करा. पोळीवर चमचाभर तूप घेतल्याने हा रिपोर्ट असा आलेला नाही. लॅबच्या कागदावर शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ची मर्यादा गरोदर नसलेल्या माणसांसाठी असते, आणि गरोदरपणात ती मर्यादा ओलांडली जाणे हेच बहुतेक वेळा नैसर्गिक असते. पहिल्या काही महिन्यांत आईचे शरीर चरबी साठवते. पुढे इस्ट्रोजेन वाढते, इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो आणि यकृत जास्त ट्रायग्लिसराइड रक्तात सोडू लागते, म्हणजे आई स्वतः चरबीवर भागवते आणि साखर बाळासाठी शिल्लक राहते. कोलेस्टेरॉलही वाया जात नाही. गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन तयार करण्यासाठी वार (प्लॅसेंटा) आईच्याच रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. त्यामुळे शेवटच्या तिमाहीपर्यंत कोलेस्टेरॉल साधारण पाव ते निम्म्याने वाढते आणि ट्रायग्लिसराइड तर दुप्पट-तिप्पट होते. सुनेचे दोन्ही आकडे या हिशेबात बसतात. ट्रायग्लिसराइड 500 च्या वर गेले तर डॉक्टरांना लक्ष घालावे लागते आणि 1000 च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, परंतु तशी उदाहरणे विरळा असून त्यांत बहुधा आनुवंशिक दोष किंवा अनियंत्रित मधुमेह असतो.

तरीही तुमची शंका निराधार म्हणता येणार नाही. ज्या स्त्रियांना पुढे प्री-एक्लॅम्पसिया होतो, म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढून त्यासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागतात किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू अशा एखाद्या अवयवावर परिणाम दिसतो, त्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड इतर गरोदर स्त्रियांपेक्षा सरासरीने जास्त आढळते, आणि काही अभ्यासांत हा फरक बीपी वाढण्याच्या कितीतरी आधीपासून दिसला आहे. या आजारात वारेखालच्या गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर काहींच्या भिंतींत चरबीने भरलेल्या पेशी सापडतात. हृदयविकारात धमन्यांत जे दिसते त्याच्याशी हे चित्र बरेच मिळतेजुळते आहे. मात्र चरबी वाढली म्हणून हा आजार झाला, असे यावरून सिद्ध होत नाही. मुळात बिघाड वारेच्या रुजण्यात होतो: गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या जितक्या रुंद व्हायला हव्यात तितक्या होत नाहीत, वारेला रक्त कमी पडते, आणि तिच्यातून बाहेर पडणारे घटक आईच्या सर्व रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. लठ्ठपणा आणि इन्शुलिनचा अपुरा प्रभाव या दोन गोष्टी चरबीही वाढवतात आणि या आजाराचा धोकाही, म्हणून दोन्ही एकत्र दिसतात. गरोदरपणात चरबी कमी करून हा आजार टाळता येतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही. म्हणूनच नेहमीच्या गरोदर स्त्रीचे लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील चरबीची तपासणी, करण्याचा आग्रह मी धरत नाही, आणि असली पॅकेजे घेऊन घरादाराची झोप उडवू नये असे मला स्पष्टपणे वाटते. या आठवड्यांत त्याहून उपयोगी तपासणी म्हणजे 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पाहिलेली साखर. ती 140 किंवा त्याहून अधिक आली, तर आहाराचा विचार नव्याने करावा लागेल.

तुमची सारी सावधगिरी आता बीपीकडे वळवा. सुनेला तपासणीला नेल्यावर जिने चढून आल्या आल्या दंडाला पट्टी बांधू देऊ नका. पाच मिनिटे शांत बसू द्या, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर ठेवलेला आणि दंड जाड असल्यास मोठी पट्टी, एवढे पाळले तरच आकड्यावर विसंबता येते. चार तासांच्या अंतराने दोनदा 140/90 किंवा त्याहून जास्त आले, तर बीपी वाढले असे धरतात. 160/110 आले तर मात्र सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा अंधुक दिसणे, छातीच्या खाली उजव्या बाजूला दुखणे, धाप लागणे, चेहरा व हात एकाएकी सुजणे, यांपैकी काहीही झाले तरी तेच करावे. छातीखालच्या दुखण्याला आपल्याकडे ‘पित्त झाले असेल’ म्हणून जिरे-ओव्याचे पाणी दिले जाते आणि त्यात मोलाचा वेळ जातो. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यातही मिळते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला होता.

भाचीचा आजार सुनेला रक्ताच्या नात्याने आलेला असू शकत नाही. तिच्या आईला किंवा बहिणीला बाळंतपणात बीपीचा त्रास झाला होता का, हे विहीणबाईंना विचारून डॉक्टरांना सांगा. मीठ अगदी तोडून हा आजार टळत नाही, पण शेव आणि पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याचा हात थोडा आवरता घेतलेला बरा. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चुकवू नका. आपल्या सरकारी कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी असते, त्यांच्यात प्री-एक्लॅम्पसियाचे प्रमाण त्याने घटते. लोहाची गोळी तिच्यासोबत न देता दोन तासांच्या अंतराने द्यावी.

प्रश्न : माझे वय 34 आहे. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन चालू आहे. आम्ही बाळाचा विचार करत आहोत. गोळ्या दिवस राहिल्यावर बंद कराव्यात का?
— एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : दिवस राहण्याची वाट पाहू नका, आताच डॉक्टरांना भेटा. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या गटांतील औषधांमुळे बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. त्यांच्या जागी लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा यांपैकी योग्य ते औषध डॉक्टर देतील. बीपीचे औषध स्वतःहून सोडून देणे तितकेच धोक्याचे आहे. स्टॅटिन गटातील औषध बहुतेक स्त्रियांना या काळात थांबवायला सांगतात. ज्यांना हृदयविकार किंवा आनुवंशिक अति-कोलेस्टेरॉल आहे, त्यांच्याबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने 2021 मध्ये सरसकट मनाई शिथिल केली आहे, परंतु तो निर्णय तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी घ्यायचा आहे.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी बीपी वाढल्यामुळे 34 व्या आठवड्यात माझे सिझेरियन झाले. आता बीपी नॉर्मल आहे. हा विषय संपला असे समजावे का?
— एक वाचक भगिनी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : संपला असे समजू नये. ज्यांना प्री-एक्लॅम्पसिया झाला, त्यांना पुढील आयुष्यात हृदयविकार व पक्षाघाताचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असतो. रक्तातील चरबी तपासण्याची वेळ आता आहे. गरोदरपणातील वाढ बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ओसरत जाते, त्यामुळे दीड वर्षानंतरही कोलेस्टेरॉल किंवा ट्रायग्लिसराइड जास्त निघाले, तर तो दोष गरोदरपणावर ढकलता येणार नाही. चरबी, साखर आणि बीपी दरवर्षी पाहावे, कंबरेचा घेर वाढू देऊ नये.

पुन्हा दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा आणि मागचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. ज्यांना हा त्रास आधी झाला आहे, त्यांना बाराव्या आठवड्यापासून, शक्यतो सोळाव्याच्या आत, रोज रात्री अ‍ॅस्पिरिनची 75 ते 150 मिलिग्रॅमची गोळी सुरू करतात. 2017 च्या एका मोठ्या चाचणीत 150 मिलिग्रॅमच्या गोळीने मुदतीआधीचा प्री-एक्लॅम्पसिया निम्म्याहून अधिक घटला होता. दम्याचा, अल्सरचा किंवा अ‍ॅस्पिरिनच्या अ‍ॅलर्जीचा इतिहास असेल तर तो आधी सांगावा. खाजगी तपासणी परवडत नसेल, तर पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांवर डॉक्टर मोफत तपासतात. ती सोय प्रामुख्याने चौथ्या महिन्यापासून पुढे आहे, त्यामुळे अ‍ॅस्पिरिनचा निर्णय त्याआधीच्या भेटीत होऊ द्या.