बाबांच्या पत्रांत आईला शोधा

प्रश्न : माझी आई गेल्या महिन्यात ९१व्या वर्षी गेली. बाबा फौजेतून सुभेदार म्हणून १९७८ साली निवृत्त झाले. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. आईच्या आठवणीसाठी पुढच्या आठवड्यात सगळे जमणार आहोत आणि मी बोलायचं ठरलंय. धाकट्या भावाने मजकूरही लिहून दिलाय : बाबांची ६२, ६५, ७१ ची युद्धं, त्यांची पदकं आणि शेवटी ‘आई खंबीरपणे त्यांच्या पाठीशी उभी राहिली’. त्यात मला आई दिसतच नाही. आणि खरं सांगायचं तर ती कडक होती. १९७१ मध्ये मी नऊ वर्षांची असताना तिने मला मामाकडे शिकायला ठेवलं. तो राग अजून पुरता गेलेला नाही. हे बोलू का? घरात बाबांच्या पत्रांची ट्रंक सापडलीय, आईचं मात्र एकही पत्र नाही. ट्रंक उघडायलाही मन धजत नाही.

उत्तर : ताई, ट्रंक उघडा. एकट्याने नको, भावाला शेजारी बसवून. नवरा-बायकोचं अगदी खासगी काही दिसलं तर तिथेच घडी घालून बाजूला ठेवा. ते ना तुमचं, ना सभेचं.

आईची पत्रं नाहीत याचं फार मनाला लावून घेऊ नका. फील्डवरचा, म्हणजे सीमेकडच्या तैनातीवरचा माणूस सारखा सामान उचलून हलणार, तो पत्रं साठवणार कुठे? ट्रंक घरी होती, म्हणून घरी आलेली पत्रं राहिली. अनेक फौजी घरांत पत्रव्यवहाराची अशी एकच बाजू उरते. त्या काळी पत्त्यात गावही नसायचं : नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली ५६ एपीओ नाहीतर ९९ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. आपलं पत्र नेमकं कुठे पोचतंय हे लिहिणारीला कळायची सोय नव्हती.

पण बाबांची पत्रं म्हणजे आईच्या पत्रांना दिलेली उत्तरं. ती तशीच वाचा. ‘घराच्या भिंतीचं तू ठरवलंस ते बरोबर’ असं कुठे दिसलं, की भिंत कुणी बांधून घेतली ते कळलं. ‘पोरीच्या तापाचं आधी का कळवलं नाहीस?’ असं असेल, तर ताप उतरेपर्यंत आईने सीमेवर काही कळू दिलं नव्हतं. ‘तू रागावू नकोस’ असंही सापडेल. मग ती कशावर रागावली होती ते शोधा, कारण रागावलेली आई भावाच्या मजकुरात कुठेच नाही. बाबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना मिळालेली नोकरीच्या नोंदींची वही असेल तर तीही काढा. त्यातल्या तारखा पत्रांवरच्या शिक्क्यांशी जुळवल्या की बाबा कधी कुठे होते आणि ती कधी एकटी होती, ते बरंचसं लागेल.

आता मामाकडचं. ७१ चं युद्ध ३ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झालं आणि १६ ला ढाक्यात शरणागती झाली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तेवढ्याने नवरे घरी आले नाहीत. पश्चिम सीमेवरच्या फौजांची माघार पुरी व्हायला १९७२ चा डिसेंबर उजाडला. फील्डमध्ये कुटुंब नेता येत नाही. पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत, क्वार्टरसाठी नंबर लावायचा. तो लागेपर्यंत पुढची बदली, आणि तीही शाळेचं वर्ष अर्धं झालेलं असताना. अशा मुलांसाठीच १९६३ मध्ये सेंट्रल स्कूलं, म्हणजे आताची केंद्रीय विद्यालयं निघाली, सुरुवातीला फौजेच्या २० रेजिमेंटल शाळा घेऊन. तरी ती प्रत्येकाच्या वाट्याला आली असं नाही. आईने तुम्हाला मामाकडे ठेवलं ते या गणितातून, असा माझा अंदाज. त्या वर्षीची पत्रं पाहा. कदाचित तो निर्णय बाबांचा निघेल, कदाचित फक्त तिचाच.

म्हणून तुमचा राग खोटा ठरत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला कुणीतरी जवळ घेऊन कारण सांगायला हवं होतं. हे जरूर बोला, दोन वाक्यांत. पुढे ‘पण ते आमच्या भल्यासाठीच होतं’ अशी मलमपट्टी मात्र करू नका. ऐकणाऱ्यांना काय ते समजेल. जिच्याविषयी नुसतं गोडच बोलतात, ती माणसांच्या लक्षात राहत नाही, असं माझं मत.

भावाच्या मजकुरात मला खटकलं ते वेगळंच. बाबा निवृत्त होतात आणि आई संपते. अहो, तेव्हा ती चाळिशीत होती! पुढची पंचेचाळीसेक वर्षं कुठे गेली? इतकी वर्षं एकटीने चालवलेल्या घरात हुकूम सोडायची सवय असलेला माणूस कायमचा येऊन बसला; म्हणजे एका घरात दोन सुभेदार. ते कसं निभलं? पेन्शनचे कागद कोण सांभाळायचं? बाबा गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला ती कुणाबरोबर जायची? हे सुनांना विचारा. आणि तिच्याशी ज्यांचं कधी पटलं नाही त्यांनाही विचारा. तिचे जिवंत किस्से बहुतेक त्यांच्याकडेच निघतील.

सगळं सांगायच्या मागे लागू नका. आईने प्रत्यक्ष केलेल्या तीन-चार गोष्टी घ्या, कोणत्या साली, कुठल्या घरात, हातात काय होतं इतक्या बारकाईने सांगा, आणि खाली बसा.

भावाशी भांडण नको. युद्धांचं आणि पदकांचं त्यानेच आधी बोलावं, त्याला ते मनापासून सांगायचंय. फक्त त्या ‘खंबीरपणे’वर तो अडून बसला, तर त्याला विचारा : बाबा फील्डवर असताना तू आजारी पडलास, तेव्हा तुला दवाखान्यात कुणी नेलं, आणि कसं? जे उत्तर येईल ते त्यालाच सभेत सांगू द्या.